छेदात काय आहे, ते आधी सांगा

फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा लागतात. त्याआधीचे दोन महिने आमच्या फिजिक्स लॅबमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो: "मॅडम, ९.८ काहून येऊन नाही राहिलं?" लंबकाचा प्रयोग असतो. स्टँडला दोरा, दोऱ्याला पितळी गोळा, हातात स्टॉपवॉच. त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे 'जी', काढायचं. पुस्तकात ९.८ छापलंय, आपलं ९.७२ आलं, म्हणजे आपला प्रयोग वाया गेला, असं पोट्ट्यांना मनापासून वाटतं.

मी सगळ्यात आधी त्यांना हे सांगते की नागपुरात ९.८ नाहीच.

पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, विषुववृत्ताकडे फुगीर, आणि स्वतःभोवती फिरणारी. त्यामुळे 'जी'ची किंमत विषुववृत्तावर सुमारे ९.७८० तर ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. आपण राहतो २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ३१० मीटर वर. अक्षांशाचं सूत्र लावून आणि उंचीची वजावट करून हिशेब केला की नागपूरसाठी ९.७८६ च्या आसपास आकडा येतो. पुस्तकांच्या मागे असतो तो ९.८०६६५ हा आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रमाण म्हणून ठरवून घेतलेला आहे. व्यवहाराला तो सोयीचा आहे, पण सीताबर्डीत दोरा टांगला तर पृथ्वी त्या ठरावाकडे बघत नाही. दोन्हींत ०.२ टक्क्यांचा फरक आहे. शाळकरी स्टॉपवॉचला हा फरक पकडता येणार नाही, हे खरं. तरी मी तो फळ्यावर लिहितेच, कारण पर्सेंटेज एररचं सगळं गणित ज्या 'खऱ्या किमती'वर उभं असतं, ती कुठून आली हे कोणी विचारतच नाही.

पर्सेंटेज एररचं, म्हणजे टक्क्यांतल्या चुकीचं, सूत्र सोपं आहे. मोजलेल्या किमतीतून खरी किंमत वजा करायची, उरेल त्याला खऱ्या किमतीने भागायचं, शंभरने गुणायचं. पाचवीतल्या पोरालाही जमेल. अडचण गुणाकार-भागाकाराची नाहीच. छेदात काय बसवलंय आणि ते तिथे का बसवलंय, याचं उत्तर माहीत नसतं, तिथे सगळं अडतं. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे, जरा सविस्तर.

एका बॅचमधल्या दोन मुलींचं रीडिंग घेते. दोऱ्याच्या गाठीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी ९९.५ सेंटीमीटर. २० दोलनांना (गोळा जाऊन परत येतो ते एक दोलन) लागलेला वेळ ४०.२ सेकंद, म्हणजे एका दोलनाला २.०१ सेकंद. आता लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिला वेळेच्या वर्गाने भागायचं आणि ३९.४८ ने, म्हणजे पायच्या (π) वर्गाच्या चौपटीने, गुणायचं. उत्तर आलं ९.७२. नागपूरच्या ९.७८६ शी तुलना केली तर फरक उणे ०.०६३, म्हणजे साधारण ०.६५ टक्के कमी. कॅल्क्युलेटरवर ०.६४५८ आणि पुढे आणखी आकडे दिसतात, ते सगळे जर्नलमध्ये उतरवून काढायची पोरांना फार हौस. ज्या घड्याळाची सवय सेकंदाच्या दहाव्या भागाची, त्याच्या जोरावर टक्क्याचे चौथे दशांश स्थळ लिहिणं हा त्या घड्याळावर अन्याय आहे. ०.६ किंवा ०.६५ लिहा, पुरे.

दोघींचे चेहरे पडलेले. "मॅडम, परत करू का?"

परत करायच्या आधी एक हिशेब करा म्हटलं. तुमच्या हातातल्या साधनांनी तुम्हाला किती चूक 'परवडते' ते काढा. मोजपट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो. ९९.५ सेंटीमीटरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे ०.१ टक्का. स्टॉपवॉच दाबायला बोटाला उशीर होतो, सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद धरा. ४०.२ मध्ये ०.२ म्हणजे ०.५ टक्के. पण सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून ती चूक दुप्पट मोजायची: १ टक्का. एकूण १.१ टक्का. तुमचं उत्तर ०.६५ टक्क्यांनी हुकलं. म्हणजे या दोऱ्याने, या घड्याळाने आणि या बोटांनी जेवढं बरोबर येऊ शकतं, तेवढं बरोबर आलेलं आहे. परत करायची गरज नाही.

याच हिशेबातून २० दोलनं का मोजायची, तेही कळतं. एकच दोलन मोजलं असतं तर दोन सेकंदांत ०.२ सेकंदाची चूक, म्हणजे १० टक्के, आणि वर्गामुळे २० टक्के. बोटाचा उशीर तेवढाच राहिला, फक्त छेद वीसपट मोठा झाला. लांबी मोजायला दहा मिनिटं घालवणारी आणि वेळ एकदाच घेणारी मुलं दर वर्षी असतात. त्यांना मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवते: ०.१ आणि १. मेहनत कुठे करायची ते मग सांगावं लागत नाही.

आता मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग. चूक किती टक्के आली, यावरून ती कुठे झाली हे पुष्कळदा ओळखता येतं.

कोणाचं उत्तर १०.८४ आलं, तर मी जर्नल न उघडताच सांगते, "तुम्ही मोजायला सुरुवात 'एक'पासून केली." गोळा सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी तोंडातून 'एक' निघालं, की 'वीस' म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ च दोलनं झालेली असतात. भागायचं मात्र २० ने. वेळ पाच टक्क्यांनी कमी भरतो, आणि वर्गामुळे 'जी' जवळपास ११ टक्क्यांनी जास्त येतो: अधिक १०.८ टक्के. उलट एखादं दोलन मोजायचं राहून गेलं तर ८.८८ च्या आसपास येतं, उणे ९.३ टक्के. म्हणून आमच्या लॅबमध्ये "तीन, दोन, एक, शून्य" असं मोठ्याने म्हणायचं आणि 'शून्य'ला बटण दाबायचं. गोळा मधल्या खुणेवरून जाताना, टोकाला नाही. टोकाला तो क्षणभर थबकतो आणि नेमका क्षण सापडत नाही.

उत्तर १ टक्क्याने कमी येत असेल आणि पाच वेळा करून पाचही वेळा तेवढंच कमी येत असेल, तर मी गोळ्याकडे बघते. आमच्याकडचा गोळा दोन सेंटीमीटर व्यासाचा आहे. पट्टी गोळ्याच्या वरच्या हुकापर्यंतच लावली तर एक सेंटीमीटर त्रिज्या सुटते, आणि ९९.५ च्या जागी ९८.५ लिहिलं जातं. बरोब्बर एक टक्का. ही चूक शंभर वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी जात नाही. बोटाच्या उशिराची चूक कधी अधिक, कधी उणे होते, सरासरीत बरीचशी विरते. त्रिज्या विसरल्याची चूक नेहमी एकाच बाजूला ओढते.

म्हणूनच पुस्तकातल्या सूत्राला असलेल्या त्या दोन उभ्या रेघा मला खटकतात. फरक काढला की त्याचं चिन्ह पुसून टाकायचं, असं त्या रेघा सांगतात. चिन्ह पुसलं की अधिक १ आणि उणे १ सारखेच दिसतात, आणि अर्धी माहिती हातातून जाते. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, हरकत नाही. पण जर्नलच्या कच्च्या पानावर अधिक-उणे ठेवाच.

आणि इथेच तो विषय येतो ज्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. उत्तरावरून उलटा हिशेब करून रीडिंग 'तयार' करणारी मुलं. ९.८ घ्यायचं, लांबी घ्यायची, त्यावरून वेळ किती यायला हवा ते काढायचं आणि तोच तक्त्यात भरायचा. असे तक्ते लगेच ओळखू येतात, कारण त्यांत सगळ्या लांब्यांना एरर ०.०१ टक्के असतो, जो त्या घड्याळाने येणं शक्यच नाही. ही मुलं लबाड नसतात. पर्सेंटेज एरर म्हणजे कमी पडलेले मार्क, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. ०.६५ टक्के लिहिणाऱ्या त्या दोघींनी खरं काम केलं, आणि ०.०१ लिहिणाऱ्याने नागपुरात नसलेलं ९.८ शोधून काढलं. मी मार्क कोणाला देते, हे बॅचमधल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

खरी किंमत आपल्या जागेची आणि आपल्या दिवसाची असावी लागते, हे रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात आणखी ठळक दिसतं. ध्वनीचा वेग काढायचा असतो. मुलं ३४९ मीटर प्रति सेकंद आणतात, पुस्तकात ३३२ बघतात आणि ५ टक्के एरर लिहून हळहळतात. अरे, ते ३३२ शून्य अंशाचं आहे. फेब्रुवारीच्या दुपारी आपल्या लॅबमध्ये ३० अंश असतं. दर अंशामागे वेग साधारण ०.६ ने वाढतो. ३० अंशांसाठी खरी किंमत ३४९ ते ३५० च्या मध्ये निघते. पाच टक्क्यांची चूक कुठे गेली? ती नव्हतीच. प्रयोगाच्या आधी भिंतीवरचा थर्मामीटर वाचून तारखेखाली तापमान लिहा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

खरी किंमत माहीतच नसेल तर? उदाहरणार्थ, एका अनोळखी तारेचा रोध दोघांनी मोजला, एकाचा ४.१ ओहम, दुसऱ्याचा ४.३. यातला कोणाचा खरा म्हणायचा? कोणाचाच नाही. मग दोघांची सरासरी ४.२ छेदात घ्यायची. ०.२ भागिले ४.२, म्हणजे ४.८ टक्के. हा दोन मोजमापांतला फरक झाला, त्याला एरर म्हणायचं नाही.

लॅबच्या बाहेर या, छेद तिथेही आहे.

घरी गॅस सिलेंडर येतो. आत १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्या टाकीचं वजन सिलेंडरवरच लिहिलेलं असतं, समजा १५.३ किलो. एकूण २९.५ व्हायला हवेत. लटकत्या काट्यावर २९.२ दिसले. काटा ३०० ग्रॅमने चुकतो असं धरलं तर ही चूक किती? २९.५ ने भागलं तर १ टक्का, चालून जाईल असं वाटतं. पण तुम्ही टाकी विकत घेतलेली नाही, गॅस घेतलाय. १४.२ ने भागा: २.१ टक्के. आणि महिनाअखेर किती गॅस उरला ते बघायला तोच काटा लावला, आत खरोखर १ किलो उरलाय, तर तोच ३०० ग्रॅमचा फरक ३० टक्के झाला. काटा बदलला नाही, चूक बदलली नाही. दोन मोठ्या वजनांची वजाबाकी करून छोटी गोष्ट काढायला गेलं की चूक मोठ्यांची राहते आणि छेद छोट्याचा होतो. माझ्या मते वजाबाकीची मोजमापं सगळ्यात जास्त फसवतात, आणि त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

इतवारीत सराफाच्या दुकानात याचंच दुसरं रूप बघायला मिळतं. काटा १० मिलिग्रॅमने हलतो असं समजा. ५० ग्रॅमच्या हाराला ती चूक ०.०२ टक्के, कोणी विचारणार नाही. १ ग्रॅमच्या नथीला तीच १ टक्का. म्हणून छोटा दागिना घेताना काट्याची शेवटची दशांश स्थळं बघायला मी आमच्या नात्यातल्या सगळ्या बायकांना शिकवलंय.

ज्यांनी मापांचे नियम केले, त्यांना ही छेदाची अडचण नीट माहीत होती. पाकीटबंद मालाचे २०११ चे नियम काढून बघा. प्रत्येक पाकिटात किती कमी चालेल, याचा तक्ता आहे, आणि तो एक पायरी टक्क्यांत, एक पायरी ग्रॅममध्ये असा चालतो. ३०० ते ५०० ग्रॅमपर्यंत ३ टक्के. ५०० ग्रॅम ते १ किलोपर्यंत सरळ १५ ग्रॅम. १ ते १० किलोपर्यंत १.५ टक्के. ५०० चे ३ टक्के १५ ग्रॅम, आणि १००० चे १.५ टक्केही १५ ग्रॅम, म्हणजे पायऱ्या एकमेकींना जुळतात. लहान पाकिटाला टक्का जास्त, कारण भरणाऱ्या यंत्राची चूक पाकीट लहान झालं म्हणून त्याच प्रमाणात लहान होत नाही. हा तक्ता मी मुलांना वाचायला देते. कंटाळवाणा सरकारी कागद म्हणून ते हातात घेतात, आणि पायऱ्या जुळतात हे लक्षात आलं की गप्प होऊन परत वाचतात. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. किती टक्के? अर्धा. हे गणित बॅचमध्ये कोणीही तोंडी सोडवतं.

आणि ग्लुकोमीटर. आईची शुगर आम्ही घरी तपासतो. एकदा सकाळी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट १४० आणि घरच्या मशीनवर १५२ आले. आई म्हणाली, "मशीन खराब झाली वाटते, फेकून दे." १२ चा फरक, १४० ने भागला, ८.६ टक्के. या यंत्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की १०० किंवा त्याहून जास्त शुगर असेल तर ९५ टक्के रीडिंग्ज १५ टक्क्यांच्या आत असावीत. मशीन ठीक आहे, आई. पण त्याच मानकात १०० च्या खाली टक्का नाही. तिथे सरळ १५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. का, ते याच १२ ने बघा. खरी शुगर ५० असताना मशीनने ६२ दाखवले, तर फरक तेवढाच १२, आणि टक्के २४. छेद लहान झाला की टक्का असा फुगतो. अर्थात ५० काय आणि ६२ काय, दोन्ही वेळा साखर तोंडात टाकून डॉक्टरांना फोन करायचा असतो. तिथे टक्केवारी काढत बसायची वेळ नसते.

टक्का लहान दिसला म्हणजे फरक लहान, असंही नाही. आमच्या मुलांना मी नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडाच्या निमित्ताने विल्यम लॅम्बटनची गोष्ट सांगते. १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्यांनी भारताचं महासर्वेक्षण सुरू केलं, आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला, आपल्याकडून दोन तासांवर, त्यांचा मृत्यू झाला. कबर तिथेच आहे. पोलादी साखळीने मोजणी चालायची, आणि साखळीशेजारी थर्मामीटर ठेवलेले असायचे. कारण पोलाद एका अंशाला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांशाने वाढतं. दहा अंशांचा फरक हिशेबात घेतला नाही तर ०.०१२ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण साडेसात मैलांच्या रेषेत तो जवळपास दीड मीटर होतो, आणि पुढचे सगळे त्रिकोण त्या रेषेवर उभे राहणार असतात.

त्याच सर्वेक्षणातून पुढे, १८५६ मध्ये, एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. निरीक्षणं शंभर मैलांहून लांबून घेतलेली, आकडेमोडीचं मोठं काम राधानाथ सिकदार यांचं. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केले, म्हणजे २९,०३२ फूट. फरक ३० फूट. आपल्या सदर भागातली तीन मजली इमारत उभी मावेल एवढा. टक्क्यांत ०.१. तीस फूट चुकले म्हणून हसणाऱ्याला मी म्हणते, शंभर मैलांवरून हवेत वाकत येणारा प्रकाश डोळ्याने बघून आणि कागदावर आकडेमोड करून आपल्या लंबकाच्या प्रयोगाच्या सहापट चांगलं उत्तर काढलंय त्या माणसांनी. तुमचं ०.६५ होतं ना?

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यावर मी थोडी जास्तच बोलणार आहे, कारण तो आपल्या गावातच घडला.

३० मे २०२४. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. दुपारपासून सगळ्यांच्या मोबाइलवर तोच आकडा. "बाप्पा, ५६!" आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ नोंदले गेले होते, त्यामुळे लोकांना हेही पटलं. नंतर हवामान खात्याने सांगितलं की नागपूरचा सेन्सर नीट काम करत नव्हता. मुंगेशपूरचा सेन्सरही तपासणीत सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्या दिवशी नागपूरच्या दुसऱ्या काही केंद्रांवर ४४ च्या घरात आकडे होते. कॉलेज उघडल्यावर एका मुलाने मोठ्या उत्साहाने गणित करून आणलं: "मॅडम, १२ भागिले ४४. सत्तावीस टक्के एरर!"

गणित बरोबर होतं. मी त्याला म्हटलं, हेच फॅरनहाइटमध्ये कर. ४४ अंश म्हणजे १११.२, आणि ५६ म्हणजे १३२.८. फरक २१.६. भागिले १११.२: साधारण १९ टक्के. आता केल्विनमध्ये. ३१७ आणि ३२९, फरक १२, भागिले ३१७: ३.८ टक्के. तोच सेन्सर, तीच दुपार, तेच ऊन, आणि एरर २७, १९ की ४? पूर्ण बॅच फळ्याकडे बघत राहिली.

सेल्सिअसचा शून्य आपण पाणी गोठतं तिथे ठेवलाय. फॅरनहाइटचा दुसरीकडेच. वजनाचा शून्य म्हणजे काहीच नाही, लांबीचा शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणून तिथे किलोत भागा की ग्रॅममध्ये, मीटरमध्ये की फुटांत, टक्का तोच येतो. सेल्सिअसच्या शून्यावर मात्र उष्णता संपलेली नसते, म्हणून ४४ हा आकडा 'किती उष्णता' याचं प्रमाण सांगतच नाही, आणि त्याने भागून आलेल्या टक्क्याला अर्थ उरत नाही. एक अंशाने चुकणारा थर्मामीटर घ्या. मे महिन्यात ४४ वर त्याची चूक २.३ टक्के, डिसेंबरच्या पहाटे पारा ७ वर आला की तीच १४ टक्के. थर्मामीटर थंडीत बिघडला का? नाही, छेद बदलला. शून्य अंशावर तर भागताच येणार नाही.

केल्विनचा शून्य खरा शून्य आहे. म्हणून वायूंच्या नियमांची गणितं करताना, जिथे दाब किंवा आकारमान तापमानाच्या प्रमाणात वाढतं, तिथे केल्विनमध्ये काढलेला टक्का कामाचा ठरतो. बाकी सगळीकडे तापमानाची चूक अंशांतच सांगायची. नागपूरचा सेन्सर अधिक १२ अंशांनी चुकला. एवढं वाक्य पुरेसं आहे, आणि ते सेन्सर दुरुस्त करणाऱ्याच्याही उपयोगाचं आहे.

आमच्या जर्नलमध्ये कॅलरीमीटर आणि न्यूटनच्या शीतन नियमाच्या प्रयोगांना तापमानाच्या तक्त्यात पर्सेंटेज एररचा रकाना छापलेला आहे. मुलांनी तो आता रिकामा ठेवायचा आणि शेजारी हाताने रेघ ओढून 'फरक, अंशांत, चिन्हासकट' असा रकाना करायचा, असं मी सांगितलंय. एक्सटर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, रकाना रिकामा का विचारलं, तर ४४ आणि ५६ ची तिन्ही गणितं फळ्यावर करून दाखवायची. बॅचमधल्या प्रत्येकाला ती येतात.